मेहरबानसेठचा बंगला आणि माझे आठ बोल्ट

गवंड्याची चूक गिलाव्याखाली जाते, रंगाऱ्याची चूक दुसऱ्या हातात झाकली जाते. सुताराची चूक मात्र दर पावसाळ्यात फुगते आणि गिऱ्हाइकाला दार लावताना रोज आठवते. डहाणूत चाळीस वर्षं सुतारकी करून मी एवढं शिकलो. आता गुडघे साथ देत नाहीत, दुकान पुतण्या बघतो आणि मी दुकानाबाहेर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट सल्ले देतो. असा माणूस लिहायला बसला की आपल्या करामती सांगत सुटतो. माझ्याकडेही दोनचार आहेत. पण सगळ्या आयुष्यात ज्या कामापुढे मी हात जोडले, ते काम माझं नव्हतं. ते माझ्या आजोबांच्या वेळच्या माणसांनी केलं होतं, आणि मी ते जवळजवळ मातीत घातलं होतं.

तिथे जाण्याआधी चिंचणीच्या एका मावशींचं सांगतो. त्या सुकी मासळी विकायच्या. त्यांना मी प्लायवूडचं झकास कपाट करून दिलं, वर आरसाही बसवला. सहा महिन्यांत बिजागऱ्या गंजल्या आणि दार हातात आलं. मावशी ते दार डोक्यावर घेऊन एसटीने डहाणूला आल्या. दुकानासमोर भर रस्त्यात ते आडवं टाकलं आणि म्हणाल्या, "हे घे तुझा दार. आमच्याकडचा वारा खारा हाय, हे तुला ठाव नव्हता? आधी जागा बघायची, मंग हत्यार काढायचा." भोवती ही गर्दी. मी मान खाली घालून दार आत नेलं. तेव्हापासून समुद्राकाठच्या कामाला पितळेशिवाय बिजागरी लावली नाही. जागा बघायची म्हणजे नुसती हवा बघायची, एवढाच मी त्यातून अर्थ घेतला. जमीनही बघायची असते हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

आशागडच्या पुढे तलासरीच्या अंगाला चिकूच्या वाड्या लागतात. त्यातल्या एका वाडीत, रस्त्यावरून दिसणार नाही इतका आत, मेहरबानसेठचा बंगला आहे. मेहरबान नावाचा इराणी माणूस नव्वद-शंभर वर्षांपूर्वी इथे आला, त्याने जमीन घेतली, चिकू लावले आणि राहायला हा बंगला बांधला. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, चारी बाजूंनी व्हरांडा, वर मंगलोरी कौलं. २०१४च्या उन्हाळ्यात मला तिथून बोलावणं आलं तेव्हा सेठची नात शिरीनबाई तिथे एकट्या राहत होत्या. वय ऐंशीच्या घरात, लग्न केलेलं नाही, सगळा जन्म वाडीत गेलेला. माझ्याशी त्या मराठीत बोलत, चिडल्या की गुजरातीत, आणि सोमाशी बोलताना वारलीत. सोमा म्हणजे त्यांच्या वाडीवरचा जुना माणूस, सत्तरी गाठलेला, रोज पाड्यावरून चालत येणारा. आम्ही सगळे त्याला सोमाकाका म्हणायचो.

पहिलं काम स्वयंपाकघराच्या दाराचं होतं. जुनं दार वाळवीने खाल्लं होतं. मी सागाचं नवं केलं आणि सगळं जग लावतं तसं आत उघडणारं लावलं. शिरीनबाईंनी ते ओढून पाहिलं.

"दिकरा, उलटं लावलंस. ह्या घरातलं दार बाहेर उघडतं."

मी घरभर फिरून आलो. खरंच, बंगल्यातली झाडून सगळी दारं बाहेर उघडत होती. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "बपावाजींचा नियम." आजोबांना त्या बपावाजी म्हणत. जुन्या घरांत असे नियम असतात. कुठे पश्चिमेला खिडकी नको, कुठे उंबऱ्याला लोखंड नको. मी वाद घातला नाही, चौकट फिरवायला घेतली.

चौकट उपटताना भिंतीचा चुना ढासळला आणि मी बघतच राहिलो. आत वीट नव्हती की दगड नव्हता. कारवीच्या काठ्या शेजारीशेजारी उभ्या करून बांधलेल्या, आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप. पाड्यावरच्या कुठल्याही घराला असतो तसा साधा कूड. त्यावर चुना चढवून बाहेरून असा देखणा बंगला केला होता की मी, जन्मभर घरं बघितलेला माणूस, फसलो होतो.

सोमाकाका शेजारी उभा होता. तो म्हणाला, "बंगला त्यांचा. कूड आमचा. माझ्या आज्याने भरलाय."

"मजुरी मिळाली का आजोबांना?" मी सहज विचारलं.

"वेठीला होता तो," सोमाकाका म्हणाला. "मिळंल काय?" शिरीनबाईंच्या देखत म्हणाला. त्यांनी मान खाली घातली, पण त्याला गप्प केलं नाही. या मुलखातल्या जुन्या बंगल्यांची ही दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. घर अफाट बांधलं म्हणून बांधणारा सगळ्याच बाबतीत थोर होता, असं म्हणायचं कारण नाही.

दुसरं काम कोपऱ्यातल्या एका खांबाचं. ते समजायला घराची रचना थोडी सांगावी लागेल. या घराचे खांब जमिनीत गाडलेले नव्हते. प्रत्येक खांब एका घडीव दगडावर, तळखड्यावर, नुसता उभा होता. वरच्या टोकाला खांबाला लाकडाचीच जीभ काढलेली, तिला आम्ही कुसू म्हणतो. तुळईला तेवढीच खाच. जीभ खाचेत बसवायची आणि दोन्हींतून आरपार खैराची खुंटी ठोकायची, झाला सांधा. उभ्या घरात एक खिळा नव्हता. खुंट्या उन्हाने आकसून सैल होतात, म्हणून दरवर्षी पावसाच्या आधी एक दिवस ठरलेला. सोमाकाका लाकडी मोगरी घेऊन घराला फेरी मारायचा, प्रत्येक खुंटीवर एक ठोका द्यायचा आणि कान लावायचा. घट्ट खुंटी टणकन बोलते, सैल खुंटी भद्द करते. सैल असेल ती आणखी ठोकायची, झिजली असेल ती बदलायची. त्याचा बाप हेच करायचा, आजाही. त्या दिवशी सगळ्यांना बंगल्यावर जेवण असे आणि शिरीनबाई स्वतः वाढत.

कोपऱ्यातला तो खांब हाताने ढकलला तर किंचित हलायचा. बाईंनी सांगितलं होतं, "खुंटी नवी घाल." एवढंच. पण मला तेव्हा नवीन ड्रिल मशीन घेतल्याचा माज होता. मी म्हटलं, खुंटीची कटकट कायमचीच मिटवून टाकू. दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या, आरपार आठ बोल्ट, आणि खाली खांबाच्या पायाभोवती सिमेंट काँक्रीट. खांब असा जखडला की हत्तीने धडक दिली तरी हलला नसता.

सोमाकाका बघत होता. "जनूभाऊ, त्याला बांदू नोको. त्याला हालाया पायजे."

मी हसलो. वर म्हणालो, "काका, याला इंजिनियरिंग म्हणतात."

पुढच्या वर्षी खुंट्यांच्या फेरीत तो त्या खांबाजवळ आला, बोल्टांकडे पाहिलं आणि ठोका न देता पुढे गेला. मी मात्र त्या कामाचे फोटो मोबाईलमध्ये ठेवले आणि गिऱ्हाइकांना दाखवत राहिलो. ते फोटो बघून आणखी दोन बंगलेवाल्यांनी माझ्याकडून तसंच करून घेतलं.

मग २०१८ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली.

सुरुवातीला वाटलं, कुठेतरी खाणीत सुरुंग लावला असेल. पण खाण काय दिवसाला दोनतीनदा, रविवारीसुद्धा, फुटत नाही. आधी खालून घुमल्यासारखा आवाज यायचा आणि मग पायाखालून कोणीतरी गाडा ओढत नेल्यासारखं वाटायचं. तलासरीकडच्या पाड्यांवर लोक घराबाहेर राहू लागले, शाळा झाडाखाली भरू लागल्या. नव्या सिमेंटच्या घरांना भेगा गेल्या. सरकारी माणसं घराघराची पाहणी करू लागली.

एक दिवस शिरीनबाईंचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, फरीदून याचा फोन आला. तो मुंबईत राहायचा, फुईसाठी, म्हणजे आत्यासाठी, धावत आला होता. "जनूभाई, कोपऱ्यातली भिंत फाटली आहे. उद्या इंजिनियर येणार, घर धोकादायक म्हणून लिहून देणार. मी फुईला मुंबईला नेतोय. तुम्ही येऊन बघा, लाकूड कसं उतरवायचं ते." माणूस वाईट नव्हता. त्याला म्हातारी जिवंत हवी होती, यात चूक काय?

मी पोचलो तेव्हा शिरीनबाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. फरीदूनने त्यांना आत जायला बंदी केली होती. मला म्हणाल्या, "घर उतरवलंत तर मी जाईन ह्याच्याबरोबर. मग मला कुठेही ठेवा, सारखंच." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

इंजिनियर यायला वेळ होता. तेव्हा त्यांनी आपणहून बपावाजींची गोष्ट सांगितली. वडिलांनी त्यांना एकदाच सांगितली होती, आणि कोणी विचारलं नाही म्हणून त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. मेहरबान इराणात किरमानकडच्या एका खेड्यातला. दहाबारा वर्षांचा असताना तिथे भूकंप झाला. तो बाहेर होता, आई आणि दोन बहिणी आत. मातीच्या जाड भिंती, घुमटाचं छप्पर, सगळं खाली आलं. आतून आईची हाक येत होती. दार आत उघडणारं होतं आणि आतून त्याला ढिगारा लागला होता. तो दिवसभर दार ढकलत राहिला. संध्याकाळी हाक बंद झाली.

पुढे तो मुंबईला आला, इराण्यांच्या हॉटेलात कपबशा धुतल्या, आणि मग इथे आला. एका वादळात आजूबाजूची दोन पक्की घरं पडली आणि पाड्यावरची कुडाची घरं नुसती वाकून परत उभी राहिली, हे त्याने पाहिलं. म्हणे तीन दिवस तो पाड्यावर जाऊन नुसता भिंती हलवून बघत होता. लोकांना वाटलं सेठला वेड लागलं. मग त्याने सुतारांना बोलावून सांगितलं, "मला न हलणारं घर नको. हलून परत जागेवर येणारं घर पाहिजे." आणि दारं बाहेर उघडणारी.

मी अंगणात उभा राहून त्या बंगल्याकडे पाहिलं. या मुलखात भूकंप होतो हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या माणसाने तरीही, त्याच्या हयातीत इथे एकदाही न आलेल्या धक्क्यासाठी, घराचा एकेक सांधा मोकळा ठेवला होता. आणि लगेच मला कोपऱ्यातला खांब आठवला.

इंजिनियर मॅडम आल्या. तरुण होत्या, आठवडाभर पाड्यापाड्यांतून फिरून चेहरा उन्हाने रापलेला. हातात फॉर्म.

"भिंती कशाच्या?"

"कारवीच्या," मी म्हटलं.

"म्हणजे कच्चं घर?"

"लिहा मॅडम. शंभर वर्षांचं कच्चं घर."

त्या हसल्या, पण भेग बघून गंभीर झाल्या. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत हात जाईल एवढी फट होती, चुना पडून कूड उघडा पडला होता. मी शिडी लावली. सोमाकाकाने खालून धरली. वर गेलो आणि जे दिसायचं तेच दिसलं. भेग माझ्या सगळ्यात वरच्या बोल्टपासून सुरू होत होती. बोल्टांच्या भोकांच्या ओळीत कुसू उभं चिरलं होतं. सगळं घर धक्क्याबरोबर हललं होतं आणि परत आपल्या जागी बसलं होतं. हा एकच खांब मी धरून ठेवला होता. त्याला हलता येईना, म्हणून तो फाटला आणि जाताना भिंत घेऊन गेला.

खाली उतरून मी मोगरी मागितली आणि सोमाकाकाबरोबर घराला फेरी मारली. टण, टण, टण. बाकी एकही सांधा सुटला नव्हता. कौलं चारदोन सरकली होती, बस.

"काय वाटतं?" मॅडमनी विचारलं. त्यांनी पेन उघडलं होतं.

घर जुनं झालं, एवढं म्हणालो असतो तर सगळे सुटले असते. फरीदून सुटला असता, मॅडम सुटल्या असत्या, मी तर सुटलोच असतो. निम्म्या वाड्यांत माझं काम होतं, माझ्या शब्दाला किंमत होती. सोमाकाकाला सगळं कळलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या मोगरीकडे बघत होता. त्याने बघितलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

मी म्हटलं, "मॅडम, ही भेग घराची नाही. माझी आहे." आणि सगळं सांगितलं. खुंटी घालायला सांगितली होती तिथे बोल्ट घातले, काकांनी नको म्हटलं तर त्यांना हसलो, सगळं.

फरीदून तापला. "चार वर्षं फुई ह्याच खांबाखाली बसून चाय पिते, जनूभाई!"

"हे लेखी द्याल?" मॅडमनी विचारलं. मी व्हरांड्यात बसून लिहून दिलं. शाळा सुटल्यापासून इतकं लांब मी काही लिहिलं नव्हतं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. "पण मी परत येऊन बघेन. पटलं नाही तर धोकादायकच लिहीन. आणि तोवर बाई आत झोपणार नाहीत."

पंधरा दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. तुळईला टेकू देऊन ती उचलून धरली, बोल्ट कापले, काँक्रीट फोडलं. फाटलेला खांब कामाचा राहिला नव्हता. सोमाकाकाने वाडीतल्या पडक्या गोठ्यातला जुना, मुरलेला ऐनाचा खांब दाखवला. त्याला मी हाताने, पटाशीने, कुसू काढलं. मशीन पिशवीतून काढलंसुद्धा नाही. खैराची खुंटी सोमाकाकाने तासली. कूड त्याने आणि त्याच्या सुनेने भरला. या खेपेला मजुरी मी विचारायच्या आधी शिरीनबाईंनीच काढून ठेवली होती, आणि ती देताना म्हणाल्या, "आज्याची देता येत नाही सोमा, ही तर घे." त्याने घेतली.

काम करताना धक्के बसतच होते. आम्ही बाहेर पळायचो, थांबलं की परत आत.

ठरल्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. मी त्यांना खांबाचा पाय दाखवत होतो. तळखड्यावर खांबाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली होती, खांब किती सरकतो ते बघायला. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे हा नुसता ठेवलाय? कशानेच बांधलेला नाही?" मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि खालून तो आवाज आला.

त्या दिवसांतला मोठा धक्का होता. मॅडम आणि फरीदून अंगणात पळाले. मीही पळायला हवं होतं. पण हात खांबावर होता आणि तो मला काढता आला नाही. मी शूर नाही, माझ्या बायकोला विचारा. मला फक्त कळून घ्यायचं होतं. खांब माझ्या तळव्याखाली हलला. मग तुळई, मग वासे, सगळं घर एका अंगाला कलत गेलं, कौलं खुळखुळली, कुडातून माती झरली. आता जातंय, असं वाटलं. आणि ते सगळं, सावकाश, परत आलं. माझ्या हाताखाली येऊन उभं राहिलं. कधीच मरून गेलेल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी मनात धरलेली गोष्ट मी हाताने अनुभवत होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मॅडम परत आल्या, गुडघ्यांवर बसून त्यांनी रेघ पाहिली. खांब रेघेशीच उभा होता, फक्त एका बाजूला सूतभर सरकलेला. भिंतीला केसभरही भेग नव्हती. त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं, 'राहण्यास योग्य'. खाली कंसात त्यांनी 'कच्चे घर' असं लिहिलं होतं, कारण कच्चं आणि पक्कं यांशिवाय तिसरा रकानाच नव्हता.

पुढे मी त्या दुसऱ्या दोन बंगल्यांवर जाऊन माझे बोल्ट काढायला निघालो. एकाने काढू दिले. दुसरा म्हणाला, मजबूत दिसतंय, राहू दे. त्या घरावरून गेलो की अजून मान आपोआप दुसरीकडे वळते.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. मॅडम गेल्यावर शिरीनबाई उठल्या, अंगणातली आपली खुर्ची स्वतः उचलून व्हरांड्यात त्या कोपऱ्यात आणून ठेवली आणि बसल्या. फरीदून अंगणातच उभा होता. मग त्याने चपला काढल्या, वर आला, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि गुजरातीत म्हणाला, "फुई, चाय मळशे?"

"मळशे," त्या म्हणाल्या. "पण खांबाला टेकून बसू नको. त्याला हलायला जागा ठेव."